“माती ती माती” म्हणण्याआधी…



गेल्या वर्षी गणपतीच्या आधी चौथीतल्या एका मुलाने मला विचारलं, “बाई, आपल्याकडे एवढी माती आहे, मग मूर्तीची शाडू गुजरातवरून का आणतात?” मुलगा पेणचा, घरी मूर्तींचा कारखाना. मला भागाकार संपवायचा होता. “माती ती माती, तू गणित सोडव,” असं म्हणून मी त्याला खाली बसवलं.

घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचत राहिलं. कारण ‘कुठली माती कुठे, कधी आणि का साठली’ हा प्रश्न काही माणसं आयुष्यभर विचारतात आणि त्याचा त्यांना पगार मिळतो! गाळाच्या खडकांचे थर वाचणारे हे भूवैज्ञानिक. त्यांच्या शास्त्राला स्तरशास्त्र म्हणतात.

आपण मुलांना डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस भरती आणि धाटावच्या कंपन्या एवढंच सांगतो. सहावीच्या भूगोलात खडकांचे प्रकार येतात, मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. त्यात आपल्या पेण-रोह्याचे डोंगर काळ्या पाषाणाचे, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. त्यामुळे “गाळाचे खडक आपल्याकडे कुठे आहेत?” म्हणून आपणही तो धडा उरकतो.

पण जरा आजूबाजूला बघा. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ सापडला. त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे होते. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. म्हणजे लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर तिथे तळं झालं, बेडूक नांदले आणि मग पुन्हा लाव्हा आला. दुसरं उदाहरण तर रोजच्या पोटापाण्याचं. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं ते समुद्रतळाखालच्या चुनखडकात. तिथला वायू उरणला आला आणि त्याच्या भरवशावर रोहा तालुक्यातला नागोठण्याचा कारखाना उभा राहिला. आपल्या किती पालकांची चूल त्यावर पेटली! समुद्राखालचे थर कुणीतरी वाचले, म्हणून हे झालं.

हे काम चालतं कसं? हातोडी, भिंग, वही आणि भरपूर पायपीट. थराची जाडी मोजायची, रंग लिहायचा, कण बारीक की जाड ते पाहायचं. खडकावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला आणि फेस आला, तर चुनखडक असण्याची शक्यता. मूळ नियम १६६९ मध्ये निकोलस स्टेनो यांनी सांगितला: थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा आधीचा, वरचा नंतरचा. चौथीच्या मुलालाही हे कळतं. रद्दीच्या गठ्ठ्यात जुना पेपर खालीच असतो ना!

आता माझा खरा मुद्दा. या व्यवसायातून आपण शिक्षकांनी शिकावं असं काहीतरी आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले नागपूरचे डॉ. धनंजय मोहबे यांना १९८४ मध्ये गुजरातमधल्या धोली डुंगरी इथे डायनासोरच्या घरट्याचा जीवाश्म मिळाला. तो लामेटा नावाच्या गाळाच्या खडकांत होता. दख्खनचा लाव्हा पसरण्याआधी साठलेला हा गाळ आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. अंड्याजवळची हाडं डायनासोरच्या पिल्लाची आहेत, असं त्यांनी १९८७ मध्ये लिहिलं. २००१ मध्ये अमेरिकेचे जेफ विल्सन यांनी तो नमुना पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यातले काही मणके सापाचे आहेत! अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. २०१० मध्ये हे जगासमोर आलं, तेव्हा त्या शोधनिबंधाच्या लेखकांत स्वतः मोहबेही होते.

पहिलं वाचन अपुरं होतं. पण नमुना जपलेला होता, नोंद लिहिलेली होती, म्हणून ते पुन्हा वाचता आलं. आपल्या वर्गात मात्र चुकलेल्या उत्तरावर लाल फुली पडते आणि विषय संपतो. मूल पुन्हा बोट वर करत नाही. हे नुकसान खडकांच्या धड्यापेक्षा फार मोठं आहे, असं मला वाटतं.

पालकांना सांगायचं तर वाट सरळ आहे, सोपी नाही. बारावी विज्ञान, मग भूशास्त्रात पदवी. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये हा विषय आहे. पुढे एमएस्सी. सर्वेक्षणात जायचं तर संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा. तेल कंपन्या आहेत, राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. जागा मोजक्या, स्पर्धा मोठी आणि उन्हातान्हात आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहावं लागतं. मुलीला पाठवायचं म्हटलं की घरात प्रश्न उठतात, तेही मला माहीत आहे. पण ही वाट आहे, एवढं तरी मुलांच्या कानावर पडू द्या.

यंदा मी एका बरणीत खडी, वाळू, शेतातली माती आणि पाणी घालून हलवली. आधी अंदाज लिहायला लावला. शाडूवाल्या त्या मुलाने लिहिलं, वाळू सगळ्यात वर राहील. सकाळी पाहतो तर खाली खडी, मग वाळू, वर बारीक माती. तो रबर शोधायला लागला. मी म्हटलं, “खोडू नकोस. खाली आजची तारीख टाक आणि काय दिसलं ते लिही.”

मग सगळ्या वर्गासमोर त्याला सांगितलं, “गेल्या वर्षी तुझ्या प्रश्नाला मी चुकीचं उत्तर दिलं. माती सगळीकडे सारखी नसते.” तो हसला आणि म्हणाला, “मला माहीत होतं, बाई.”

तुम्हीही एक बरणी भरून बघा.