बसले म्हणजे जुळले नव्हे!

आमच्या शेजारी राहणाऱ्या दहावीतल्या एका मुलाने खाऊचे पैसे साठवून एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड विकत आणले. पडद्यावरची चित्रे भराभर तयार करण्याचे काम हे कार्ड करते. ते खाचेत बसवले, पण त्याच्या कडेला आणखी एक आठ पिनांची जागा रिकामी राहिली. कार्डाला तेथून जादा वीज हवी होती आणि घरातल्या संगणकाच्या एसएमपीएसमधून तशी वायर निघतच नव्हती. दुकानदाराने तोडगा सांगितला, "हा कन्व्हर्टर लाव, झाले काम!" कन्व्हर्टरच्या एका टोकाला हार्ड डिस्कला वीज देणारी चपटी साटा जोडणी आणि दुसऱ्या टोकाला आठ पिना. दोन्ही टोके छान बसली. संगणक सुरू झाला, खेळही सुरू झाला आणि थोड्याच वेळात जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. मुलाने प्रसंगावधान राखून भिंतीवरचे बटण बंद केले. कार्ड वाचले, कन्व्हर्टरचे टोक मात्र वितळून काळे झाले होते.

मला ते दाखवताना तो म्हणाला, "काका, पण अगदी बरोबर बसले होते हो!"

या वाक्यासाठीच मी हा लेख लिहीत आहे. आपल्यापैकी पुष्कळांची अशीच समजूत असते, की जे खाचेत बसले ते जुळले. खाचेचा आकार एवढेच सांगतो, की हे टोक येथे शिरेल. त्यातून किती विद्युतधारा सुखरूप जाईल, हे आकार सांगत नाही. ते गणिताने काढावे लागते, आणि ते गणित तुम्हांला येते!

प्रथम एसएमपीएस काय करतो ते पाहू. भिंतीवरून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट वीज देतो. ग्राफिक्स कार्डाची भूक मुख्यतः १२ व्होल्टवर भागते. आता शक्तीचे सूत्र आठवा : वॉट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. घरातली १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर धारा घेते. पण ६०० वॉट शक्ती १२ व्होल्टवर पुरवायची तर ५० अँपिअर धारा लागते! दाब कमी, म्हणून धारा जास्त. संगणकाच्या पेटीत हात लावला तरी झटका बसणार नाही असा १२ व्होल्टचा दाब असतो खरा, पण वायर तापवण्याच्या बाबतीत तो मुळीच गरीब नाही.

प्रत्येक वाटेची मर्यादा ठरलेली आहे. मदरबोर्डवरची ज्या खाचेत कार्ड बसते ती खाच जास्तीत जास्त ७५ वॉट देते. सहा पिनांची जादा जोडणी आणखी ७५ वॉट देते, आठ पिनांची १५० वॉट. म्हणजे एक आठ पिनांची जोडणी असलेल्या कार्डाला एकूण २२५ वॉटपर्यंत शक्ती मिळू शकते. आता त्या साटा जोडणीकडे वळू. तिच्यात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा १.५ अँपिअर आहे. तीन मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट. शेजारच्या मुलाच्या कार्डाने आठ पिनांतून पूर्ण १५० वॉट मागितले, तर १२.५ अँपिअर धारा ४.५ अँपिअरच्या वाटेतून जाऊ पाहणार. पायवाटेवरून मालाचा ट्रक नेण्याचाच हा प्रकार!

पावणेतीनपट धारा गेली म्हणून उष्णताही पावणेतीनपट झाली, असे मात्र समजू नका. येथे ज्यूलचा नियम येतो. जेम्स ज्यूल या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४१ साली तो प्रसिद्ध केला आणि तुम्ही तो दहावीत पाठ करता. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावणेतीनाचा वर्ग करून पाहा. उत्तर साडेसातच्या वर जाते. एवढी उष्णता पिनेच्या टोकाशी, वाटाण्याएवढ्या जागेत साठली, तर प्लॅस्टिकने काय करावे?

चुकीची जोडणी बसूच नये, अशी रचना करणे हे खरे तर अभियंत्याचे काम आहे. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा मदरबोर्डला वीज देणाऱ्या दोन जोडण्या शेजारी शेजारी असत आणि त्या एकमेकींच्या जागी बसू शकत. तशा बसल्या तर मदरबोर्डला मुकावे लागे. म्हणून "काळ्या वायरी मधोमध" हा मंत्र संगणक जुळवणारे घोकत असत. १९९५ साली एटीएक्स रचना आली आणि दोहोंच्या जागी एकाच दिशेने बसणारी एकच जोडणी झाली. मंत्राची गरज उरली नाही. आजही प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी आणि ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची जोडणी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या पिनांचे कोपरे वेगळे घडवलेले असतात, कारण एकीत १२ व्होल्ट जेथे आहेत तेथे दुसरीत परतीची वायर आहे. म्हणून जोडणी बसत नसेल तर जोर लावू नका. ती तुम्हांला "नको" म्हणत असते.

पण प्रत्येक ठिकाणी ती "नको" म्हणत नाही. काही एसएमपीएसच्या वायरी दोन्ही टोकांनी सुट्या होतात. त्यांतले कार्डाकडचे टोक सर्वत्र सारखे असते, एसएमपीएसकडच्या टोकाची रचना मात्र कंपनीगणिक बदलते. एका कंपनीची वायर दुसरीच्या एसएमपीएसला बसूही शकते आणि भलताच दाब भलत्या पिनेवर जाऊन उपकरण जळू शकते. अशा वायरींची अदलाबदल कधीच करू नये.

यात सगळा दोष वापरणाऱ्याच्याच पदरी टाकणे मला पटत नाही. आठ पिनांच्या जोडणीत १५० वॉट तीन वायरींत विभागले जातात. प्रत्येकीच्या वाट्याला सव्वाचार अँपिअरही येत नाहीत, आणि चांगल्या पिना याहून बरीच जास्त धारा सोसतात. थोडी हयगय झाली तरी निभावते. २०२२ साली एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ४५० वॉटचे कार्ड आले. त्याला सोळा पिनांची नवी, आटोपशीर जोडणी होती आणि तिची मर्यादा होती ६०० वॉट. म्हणजे ५० अँपिअर सहा पिनांत, प्रत्येकीत ८.३ अँपिअर. पिनेची क्षमता सुमारे सव्वानऊ अँपिअर. शिल्लक किती राहिली, तुम्हीच वजाबाकी करा.

त्याच वर्षी काही ठिकाणी या जोडण्या वितळल्या. जोडणी पूर्ण आत न ढकलणे हे त्यातले प्रमुख कारण, असे कंपनीने सांगितले. ते खोटे नव्हते. सहा पिनांतून ४८ अँपिअर जात असताना तीनच पिना नीट टेकल्या, तर प्रत्येकीत ८ ऐवजी १६ अँपिअर जातात आणि तिच्यातली उष्णता चौपट होते. २०२३ साली जोडणी सुधारली. तिच्यातल्या संदेश देणाऱ्या पिना आखूड केल्या, त्यामुळे अर्धवट बसलेली जोडणी कार्डाला ओळखू येते. तरीही २०२५ साली ५७५ वॉटचे कार्ड आल्यावर वितळल्याच्या तक्रारी पुन्हा आल्या. पुलावरून दहा टनांचा ट्रक जाणार असेल, तर आपण अकरा टनांचा पूल बांधत नाही. माणूस चुकणार हे धरूनच रचना करायची असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आपण काय करावे? शिक्षकांना माझी विनंती आहे, की ज्यूलचा नियम शिकवताना एखादा बंद पडलेला एसएमपीएस वर्गात आणावा. तो उघडू मात्र नये, कारण त्याच्या आतल्या धारित्रावर तीनशे व्होल्टच्या वर प्रभार शिल्लक असू शकतो. नुसते त्याच्यावरचे लेबल वाचायला द्यावे. समजा, मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापले आहे आणि १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार येतो २१६ वॉट. कार्डाला १५० आणि प्रोसेसरला ९० वॉट लागत असतील, तर बेरीज २४० झाली. हा एसएमपीएस पुरणार नाही! पाच मिनिटांचे हे गणित परीक्षेतल्या पाच गुणांपेक्षा जास्त काळ लक्षात राहील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कार्ड जोडाल तेव्हा आधी भिंतीवरचे बटण बंद करून वायर काढा. कागदावर बेरीज करा. कार्डाला दोन जोडण्या हव्या असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी आणा. खटका बसेपर्यंत जोडणी आत ढकला, आणि ती खरोखर पूर्ण बसली का ते डोळ्यांनी पाहा. वायर टोकाशीच करकचून वाकवू नका. एसएमपीएसला हवी ती वायर नसेल, तर कन्व्हर्टर न शोधता योग्य एसएमपीएस येईपर्यंत थांबा.

शेजारचा तो मुलगा आता नव्या एसएमपीएससाठी पैसे साठवतो आहे. वितळलेला कन्व्हर्टर त्याने फेकला नाही. त्यावर कागद चिकटवून त्याने लिहिले आहे : "१२.५ भागिले ४.५". ज्यूलचा नियम आता त्याला पाठ करावा लागणार नाही.