रेटकार्डावरची बिकिनी

फुलंब्रीत बिकिनी घातलेली बाई मी आजवर पाहिलेली नाही. तरी माझ्या पार्लरच्या रेटकार्डावर 'बिकिनी वॅक्स' ही ओळ नऊ वर्षं होती. छापणाऱ्याने शहरातल्या कुठल्यातरी पार्लरचं कार्ड समोर ठेवून माझं कार्ड बनवलं आणि मीही ते तसंच भिंतीवर लावलं. पोरी त्या ओळीवर बोट ठेवून विचारायच्या, "ताई, हे काय असतं?" सोबत आई असली की आईच उत्तर द्यायची, "तुझ्या कामाचं नाही." मग लग्न ठरलं की तीच आई तीच ओळ दाखवून म्हणायची, "हे पण घ्या." मधे पोरीत काही बदललेलं नसायचं. फक्त सुपारी फुटलेली असायची.

माझं भांडण दोघांशी आहे. आधी शिकल्या-सवरल्या, लिहित्या बायकांशी. त्यांचे वॅक्सिंगवरचे लेख मी वाचते. बाईच्या अंगावरचे केस घाण आहेत हे बाजाराने शिकवलं, असं त्या लिहितात. खरंच आहे ते. जिलेटने १९१५ साली खास बायकांसाठी वस्तरा काढला आणि त्यानंतर काखेतले केस ही अमेरिकेत लाज वाटण्याची गोष्ट झाली. ब्राझीलहून आलेल्या सात बहिणींनी १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये सलून काढलं, तिथून 'ब्राझिलियन' जगभर गेलं आणि फिरत फिरत आमच्या सिल्लोड रोडवर पोचलं. हे सगळं मान्य. पण माझ्याकडे एक पोर येते, तिला पीसीओडी आहे, हनुवटीवर राठ केस येतात. दर पंधरा दिवसांनी ती थ्रेडिंग करते आणि मगच कॉलेजला जाते. केस वाढले की चार दिवस घरी बसते. तिला मी काय सांगू? बाजाराने तुला फसवलंय, तशीच जा? लेख लिहिणारीला तसं जाता येतं, कारण तिच्या वर्गात तिच्यावर हसणारं कुणी नाही. अंगणवाडीची सेविका महिन्याला हाताचं वॅक्स करून घेते. तेवढा अर्धा तास तिच्याकडे कुणी काही मागत नाही, म्हणते. पंखा चालू असतो, ती डोळे मिटून पडलेली असते. तिला गुलाम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिवाय त्या लेखांत मेणाचं तापमान कधीच नसतं. पहिल्यांदा येणारीला काय माहीत हवं, ते कुणीच लिहीत नाही. मग ती ते मोबाइलवरच्या रीलवरून शिकते किंवा माझ्यासारखीकडून. आणि माझ्यासारखी कुठे शिकली? आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा कोर्स आहे, पण मी तो केलेला नाही. मी एका ताईंकडे तीन महिने झाडू मारत शिकले. मला कुणी परीक्षा विचारली नाही. दुकानाची नोंदणी झाली की कुणाच्याही अंगावर गरम मेण ओतायला मोकळीक.

त्याची किंमत मी नाही, एका पोरीने दिली. माझं दुसरं-तिसरं वर्ष असेल. नवरी होती, वरच्या ओठाचं वॅक्स केलं आणि पट्टीबरोबर कातडी आली. रक्त नाही, पण ओली लाल रेघ, ओठाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. हळदीला दोन दिवस होते. मी तिला विचारलंच नव्हतं की तोंडाला काय लावतेस. ती वर्षभर मेडिकलमधून आणलेलं गोरं होण्याचं मलम लावत होती, त्यात स्टिरॉइड होतं. असं मलम लावून लावून कातडी कागदासारखी पातळ होते. अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा आदेश केंद्र सरकारने २०१८ साली काढला. त्यानंतरही माझ्या खुर्चीत बसणाऱ्या पोरींच्या पर्समध्ये ती निघतात. लग्नाच्या फोटोंत त्या पोरीचा ओठ मेकअपखाली दडलाय. मी अल्बम पाहिलाय.

तेव्हापासून मी आधी विचारते. मुरमांसाठी अडॅपलीन लावतेस का? आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर वॅक्स नाही, गोळ्या थांबल्यावरही सहा महिने नाही. साखरेचा आजार आहे का? केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेत का? त्याहून छोटे असतील तर मेण त्यांना धरत नाही, नुसती कातडी ओढते. मेण आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, मग तिच्या. पावडर, मेण केसांच्या दिशेने, कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची आणि पट्टी उलट्या दिशेने, अंगाला लगटून ओढायची. आभाळाकडे नाही. जांघेचे केस राठ असतात, तिथे बिनपट्टीचं घट्ट मेण लागतं. आणि एकदा अंगाला लागलेली लाकडी पट्टी परत डब्यात घालायची नाही. पार्लरवालीचा हात परत डब्यात गेलेला दिसला तर पैसे न देता उठा, मग ते पार्लर माझं का असेना.

आता दुसरं भांडण, माझ्याच धंद्याशी. नवरीचं पॅकेज म्हणून आम्ही जे विकतो त्यात हल्ली 'इंटिमेट' हा शब्द आलाय. तिकडचं वॅक्स, तिकडचं ब्लीच, तिकडचं पॉलिश, तिकडचा फेसवॉश. जांघेतली आणि काखेतली कातडी सगळ्यांचीच थोडी काळसर असते, गोऱ्यांचीही. वयात येताना ती तशी होते. घासलं, ओढलं, जाळलं की आपली सावळी कातडी आणखी काळी पडते. म्हणजे आधी वॅक्स करायचं, त्याने काळं पडलं की उजळवण्याचे पैसे घ्यायचे. गिऱ्हाईक आपणच तयार करायचं, असा हा धंदा आहे. २०१२ साली 'क्लीन अँड ड्राय' नावाच्या वॉशची जाहिरात टीव्हीवर आली होती. नवरा बायकोकडे बघत नाही, ती तिकडची जागा 'उजळ' करते आणि संसार फुलतो. देशभर संताप झाला होता. संतापाचं पुढे काय झालं माहीत नाही, बाटल्या मात्र आमच्या होलसेलवाल्याच्या फळीवर आहेत.

योनी आतून स्वतःची स्वतः साफ होते. तिथे आम्लता असते, पीएच साधारण ३.८ ते ४.५, आणि ती आम्लताच जंतूंना रोखते. साबण, सुवासिक वॉश, ब्लीच यांनी ती बिघडते. बाहेरून साधं पाणी पुरतं. एवढं वाक्य कुठल्याच पॅकेजच्या कागदावर नसतं, कारण त्या वाक्याचे पैसे घेता येत नाहीत. मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळा पट्टा असेल तर तो मळही नव्हे. तो बहुतेकदा इन्सुलिनच्या बिघाडाची खूण असतो. त्याला स्क्रब नाही, रक्ततपासणी लागते. मी स्वतः असे पट्टे वर्षानुवर्षं घासलेत आणि दर वेळी पैसे घेतलेत.

आमच्या रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या अजिंठ्याला जातात. तिथे सतराव्या लेण्यात आरसा हातात धरून नटणारी राजकन्या आहे, आणि भिंतीभिंतींवर सावळ्या बायका दागिने घालून ऐटीत बसल्यात. नटण्याला माझा विरोध असता तर मी दुकान कशाला टाकलं असतं?

गेल्या एप्रिलची गोष्ट. एक नवरी आली, सोबत होणारी मोठी नणंद. नणंद म्हणाली, "सगळंच करून टाका मॅडम. आतलं पण. आमच्याकडं सगळ्यांनी केलंय." हळद दुसऱ्या दिवशी होती. वॅक्सनंतर केसांची छिद्रं उघडी असतात. एक-दोन दिवस गरम पाणी, घाम, घट्ट कपडे, काही चोळणं, सगळं टाळावं लागतं. आणि आम्ही एप्रिलच्या उन्हात, सिंथेटिक साडीत, त्या उघड्या छिद्रांवर हळद चोळतो. मग पुरळ आलं की दृष्ट काढतो. मी नणंदेला बाहेर चहाला पाठवलं, पडदा ओढला आणि पोरीला विचारलं, "तुला करायचंय का?" ती म्हणाली, "मला माहीत नाही काय करतात ते." मी सांगितलं, कुठले केस, कसे, किती दुखेल, किती दिवसांनी परत येतील, आणि ते असण्याने काही बिघडत नाही, उलट घर्षणापासून वाचवतात. तिने विचारलं, "नाही केलं तर त्यांना कळेल?"

या प्रश्नावर माझे हात थांबले. कळणार कसं, तपासणार कोण, हे तिच्या मनात आधीच ठरलेलं होतं.

मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली सभा घेऊन ठरवलं की विधवांचं केशवपन यापुढे आपण करणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. केशवपन त्या एका सभेने संपलं नाही, पण वस्तरा ज्याच्या हातात होता त्यानेच नकार दिला. आम्हा पार्लरवाल्यांची अशी सभा कधी झाली नाही. सरकारलाही आम्ही करापुरत्याच आठवतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पार्लरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला तेव्हा सगळ्या ग्रुपवर अभिनंदनाचे फोटो फिरले. एकोणीस वर्षांच्या पोरीला दुसऱ्याच्या सांगण्यावरून पाय फाकवायला लावायचे की नाही, यावर एक मेसेज नाही.

त्या दिवशी मी हातांचं वॅक्स केलं, भुवया केल्या आणि तेवढेच पैसे घेतले. नणंदेला म्हटलं, बाकीचं होणार नाही, हळद उद्या आहे. तिने पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग पॅकेज कशाला लावलंय भिंतीवर?" म्हणाली.

तिचं बरोबर होतं. रात्री मी कार्ड काढलं. नव्या कार्डावर ती ओळ मराठीत आहे: 'जांघेचे केस – जिचे तिने एकटीने येऊन सांगावे.' ब्लीच आणि पॉलिश खोडलंय. त्या घरात या वर्षी आणखी दोन लग्नं झाली, त्यांचं काम बसस्टँडजवळच्या दुसऱ्या पार्लरला गेलं.