फाट्यावरच्या उन्हात कोण उभे असते?

मे महिन्यात भर दुपारी हदगाव तालुक्यातल्या एखाद्या फाट्यावर उभे राहिले की विकासाचा अर्थ आम्हाला बरोबर कळतो. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात निघालेली म्हातारी, कोर्टाची तारीख असलेला शेतमजूर, नांदेडला क्लासला जाणारी पोरे. डोक्यावर ना छप्पर, ना जवळ पाणी. मोटारवाल्यांना हे ऊन काचेतून दिसते, आमच्या माणसांना ते लागते.

ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. मोफत झाली, मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट. चांगलेच झाले. पण काळीपिवळीत ही सवलत चालत नाही. एस.टी. आलीच नाही तर म्हातारीने पदरचे पैसे मोजून जीपमध्ये कोंबून घ्यायचे, हीच का सवलत? जानेवारी 2025 मध्ये एस.टी.चे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले. फेऱ्या किती वाढल्या, हे मात्र कुणी विचारत नाही.

1929 साली चाळीसगावच्या टांगेवाल्याने बाबासाहेबांना टांग्यातून न्यायला नकार दिला. मग सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. एस.टी.त तिकीट घेतले की कुणाच्याही शेजारी बसता येते. वाड्यात आणि पाणवठ्यावर जे सहज मिळाले नाही, ते या बाकड्यावर मिळाले. म्हणून एस.टी.ची एकेक फेरी बंद होते तेव्हा आम्ही गप्प बसू नये. येत्या ग्रामसभेत दुपारची फेरी, फाट्यावर पत्रे आणि पाण्याचा माठ, एवढे तीन ठराव लेखी मांडा.