कोंबडीचा क्षय : घबराट नको, लपवालपवीही नको

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अडाण नदीच्या काठी बोरी अरब हे गाव लागते. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात दारात पाच-पंचवीस गावरान कोंबड्या पाळणारी घरे पुष्कळ आहेत. आजारपण, मुलांची फी, सणासुदीचा खर्च आला की घरची बाई दोन कोंबड्या विकते आणि वेळ निभावून नेते. हीच कोंबडी पुढे बाजारात आणि चिकनच्या दुकानात येते. या धंद्यावर आपल्याही अनेक कुटुंबांची चूल पेटते. म्हणून कोंबडीच्या एका जुन्या परंतु दुर्लक्षित रोगाविषयी व्यावसायिक बांधवांनी माहिती करून घेणे गरजेचे आहे. तो रोग म्हणजे पक्ष्यांचा क्षय.

रोग काय आहे?

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधून काढला. पक्ष्यांचा क्षय आणि माणसाचा क्षय एकच, असे आरंभी समजले जाई. परंतु १८९०च्या सुमारास हे दोन जंतू वेगळे असल्याचे स्पष्ट झाले. पक्ष्यांतील जंतूला मायकोबॅक्टेरियम एव्हियम म्हणतात. तो माणसाच्या क्षयजंतूचा भाऊबंद आहे, पण तोच नव्हे.

राणीखेतसारखा हा रोग चार दिवसांत खुराडे रिकामे करीत नाही. तो हळू चालतो. कोंबडी दाणा खाते, तरी वाळत जाते. छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे वर येते, तुरा फिका पडतो, कधी ती एका पायाने लंगडते. अंडी कमी होतात. हे जंतू विष्ठेतून जमिनीत जातात आणि ओल्या, सावलीच्या मातीत काही वर्षेही तग धरतात. म्हणून एकाच अंगणात वर्षानुवर्षे म्हाताऱ्या कोंबड्या ठेवल्या आणि त्यांच्यातच नवी पिले सोडली, की रोगाला घर मिळते.

ब्रॉयलर कोंबडी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला जाते. इतक्या कमी दिवसांत हा रोग सहसा डोके वर काढीत नाही. तो मुख्यतः जुन्या, मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचा रोग आहे.

माणसाला धोका किती?

धोका आहे, पण थोडा. निरोगी माणसाला हा जंतू सहसा बाधत नाही. एच.आय.व्ही.मुळे ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे किंवा ज्यांची फुफ्फुसे आधीच खराब आहेत, त्यांना या कुळातील जंतूंपासून आजार होऊ शकतो व तो औषधांना लवकर दाद देत नाही. मात्र अशा रुग्णांत सापडणारे जंतू बहुतेक वेळा पाण्यातून व मातीतून आलेले असतात, कोंबडीतून नव्हे, असे आधुनिक तपासण्यांत दिसून आले आहे.

जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे. हा क्षय खोकणाऱ्या माणसाकडून माणसाला होतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर शेजाऱ्याच्या खुराड्याकडे बोट दाखवू नये, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषध तेथे मोफत आहे. क्षयरुग्णाला तर पोषक आहाराची गरज असते आणि अंडी व नीट शिजवलेले चिकन हा त्याचाच भाग आहे.

अफवेची किंमत

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू निघाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. रोग एका कोपऱ्यात होता, पण भाव राज्यभर कोसळले. २०२० साली तर कोरोनाचा कोंबडीशी काही संबंध नसताना केवळ अफवेने चिकनचा बाजार बसला आणि काही ठिकाणी पक्षी फुकट वाटण्याची पाळी आली. यात मोठी कंपनी तरून जाते, मरतो तो लहान दुकानदार व पाळणारा.

यावरून आपल्या धंद्यातील काहींनी चुकीचा धडा घेतला आहे. रोगाचे नावच काढू नये, गिऱ्हाईक बिथरते, असे ते म्हणतात. माझे मत याच्या उलट आहे. दुकानदार गप्प राहिला की अफवा वाढते. जो दुकानदार खराब माल गिऱ्हाइकासमोर बाजूला काढतो, त्याच्या चांगल्या मालावर लोक विश्वास ठेवतात.

सुरी हातात असणाऱ्याची जबाबदारी

हा रोग सर्वप्रथम दिसतो तो डॉक्टरला नव्हे, कोंबडी कापणाऱ्याला. काळीज, प्लीहा व आतड्यांवर पिवळसर-पांढऱ्या गाठी दिसल्या, तर तो पक्षी विकू नये. गाठी कापून बाकीचे मांस देणे ही फसवणूक आहे. जबिहा शुद्ध असला म्हणून रोगट माल शुद्ध होत नाही. असा पक्षी कुत्र्यापुढे किंवा नदीकाठी न टाकता खोल पुरावा, हात व सुरी स्वच्छ धुवावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. चोचीखालच्या लोंबत्या कातडीत सुई टोचून कळपाची तपासणी करता येते.

पाळणाऱ्यांनी मेडिकलमधून गोळ्या आणून चारू नयेत. पैसा जातो, रोग राहतो. रोगट कळप काढून टाकणे, जागा बदलणे, विष्ठा खरवडून खुराड्याला ऊन देणे, म्हाताऱ्या कोंबड्या फार काळ न ठेवणे, पिले वेगळी वाढवणे, हाच उपाय आहे. घरात अशक्त रुग्ण असेल, तर खुराडे झाडण्याचे काम त्याला देऊ नये.

शासनाकडेही एक मागणी आहे. बर्ड फ्लूमध्ये मारलेल्या कोंबड्यांची भरपाई दिली जाते. क्षयग्रस्त कळप स्वतःहून दाखवणाऱ्या गरीब बाईलाही निदान नव्या पिलांची मदत व्हावी. कळवले तर आपलेच नुकसान, अशी स्थिती राहिली, तर कोणीही कळवणार नाही आणि ती वाळलेली कोंबडी मुकाट्याने बाजारात येईल.

एका कोंबडीचे पैसे बुडाले तर आठवड्यात भरून निघतात. गिऱ्हाइकाचा गेलेला विश्वास मात्र सहजासहजी परत येत नाही, हे प्रत्येक दुकानदाराने ध्यानात ठेवावे.