अंदमानचा प्रवास : धोका अंतरात नव्हे, शेवटच्या टप्प्यात

नवी दिल्ली : दिवाळीची सुटी आणि त्यामागोमाग येणारा हिवाळा हा अंदमानच्या पर्यटनाचा मुख्य हंगाम. सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या बंदिवासामुळे मराठी कुटुंबांना या बेटांची ओढ इतरांहून काहीशी अधिक असते. सहलीची आखणी करताना चिंता मात्र बहुधा विमानाच्या भाड्याची आणि हॉटेलच्या आरक्षणाची असते. गेल्या काही वर्षांतील घटना पाहिल्या, तर प्रवासाचा खरा कस विमानतळावर उतरल्यानंतर लागतो, असे दिसते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणारा काही तासांचा समुद्र आणि एकही दिवस मोकळा न ठेवणारे सहलीचे वेळापत्रक, ही या प्रवासातील सर्वांत कच्ची कडी आहे.

पोहोचणे सोपे झाले

चेन्नईपासून श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, तेराशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. जहाजाने हे अंतर कापायला सुमारे अडीच ते तीन दिवस लागतात. विमानाने जेमतेम दोन-सव्वादोन तास. वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १८ जुलै २०२३ रोजी झाले. वर्षाला सुमारे ५० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार या केंद्रशासित प्रदेशाची संपूर्ण लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या आसपास होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. येणाऱ्यांसाठी दार रुंद झाले आहे. परंतु दारातून आत आल्यावर पुढे नेणाऱ्या बोटी, धक्के, जीवरक्षक आणि रुग्णालये त्याच प्रमाणात वाढली आहेत काय, हा विचार मागे पडला आहे.

कारण पर्यटक केवळ श्रीविजयपुरमला थांबत नाहीत. स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (पूर्वीचे नील) ही त्यांची मुख्य आकर्षणे. तेथे जायला खासगी वेगवान बोटीने साधारण दीड तास, तर सरकारी बोटीने अडीच तासांच्या आसपास लागतात. याच सरकारी बोटींतून बेटांवरील रहिवासी रुग्णालयात, बाजारात, शाळा-महाविद्यालयांत ये-जा करतात. हंगामात बोट रद्द होते, तेव्हा पर्यटकाची सहल बिघडते आणि स्थानिकाचा दैनंदिन व्यवहार थांबतो. सुरक्षित वाहतुकीचा प्रश्न म्हणूनच केवळ पाहुण्यांच्या सोयीचा नाही.

२०१४ ची दुर्घटना

२६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ ‘अ‍ॅक्वा मरीन’ ही पर्यटकांची बोट बुडाली आणि किमान २१ जणांना प्राण गमवावे लागले. सुमारे २५ प्रवाशांची क्षमता असलेल्या या बोटीत ४० हून अधिक जण होते. त्या दिवशी ना चक्रीवादळ होते, ना अंतर मोठे होते. शहराच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरील बेटे दाखवणारी ती नेहमीची फेरी होती. मोठ्या जहाजांच्या मानाने अशा छोट्या फेऱ्यांकडे प्रवासीही सहजपणे पाहतो आणि चालकही.

हा अनुभव अंदमानपुरता मर्यादित नाही. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी पर्यटकांची बोट उलटून २२ जण मरण पावले. मुंबईत १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. घटनांची तात्कालिक कारणे निराळी होती. पण परवानगीपेक्षा अधिक प्रवासी हा मुद्दा तिन्ही ठिकाणी पुढे आला. घारापुरीच्या दुर्घटनेनंतर गेटवेवरील प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचे करण्यात आले. सक्ती दुर्घटनेनंतर येते आणि गर्दीच्या दिवसांत सैल होते, ही आपल्याकडील जलवाहतुकीची जुनी खोड आहे.

नारळी पौर्णिमेचा हिशेब येथे चालत नाही

कोकण किनाऱ्याची माहिती असलेल्या मराठी माणसाच्या मनात समुद्राचे एक पंचांग पक्के असते. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी बंद होतात, नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला की दर्या शांत होऊ लागतो आणि दिवाळीनंतर तर काळजी उरत नाही. अरबी समुद्राच्या काठावर हा हिशेब बव्हंशी योग्य ठरतो. बंगालच्या उपसागरात तो फसवा आहे.

अंदमानात नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दाखल होतो. तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्य मोसमी वाऱ्यांचा काळ सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत दक्षिण अंदमान समुद्र आणि लगतच्या उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. त्यांतील काहींची चक्रीवादळे बनतात. नोव्हेंबर २०१३ मधील ‘लेहर’ चक्रीवादळ पोर्ट ब्लेअरच्या जवळून गेले. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे ‘वरदा’ म्हणून चेन्नईवर आदळलेल्या वादळाने आधी अंदमानला झोडपले होते. त्या वेळी हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. जानेवारी २०१९ मध्ये, म्हणजे ऐन हंगामात, ‘पाबुक’ वादळाचा इशारा या बेटांना मिळाला होता.

महाराष्ट्रातील शाळांच्या दोन मोठ्या सुट्या या पार्श्वभूमीवर पाहाव्यात. दिवाळीची सुटी ईशान्य मोसमी काळात येते. मे महिन्याचा उत्तरार्ध नैऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाशी जुळतो. साधारणपणे जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र सर्वाधिक शांत असतो, तेव्हा मुलांच्या परीक्षा असतात. दिवाळीत किंवा मेमध्ये अंदमानला जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. त्या दिवसांत बोट रद्द होणे हा अपवाद न मानता शक्यता मानून आखणी करावी लागते.

सहलीच्या पाच-सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये नेमके हेच घडत नाही. स्वराज द्वीपहून सकाळी परतायचे आणि त्याच दिवशी दुपारी विमान पकडायचे, असा कार्यक्रम कागदावर व्यवस्थित दिसतो. वारा वाढला, बंदरावर धोक्याचा बावटा चढला, की प्रवाशाचे विमान चुकते आणि बोट सोडण्यासाठी दबाव सुरू होतो. दूरची बेटे आधी पाहून घ्यावीत आणि परतीपूर्वीचे शेवटचे एक-दोन दिवस श्रीविजयपुरममध्ये सेल्युलर जेल व आसपासच्या ठिकाणांसाठी ठेवावेत, एवढ्या बदलाने हा दबाव बराच कमी होतो. स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना तर याचा दुहेरी लाभ आहे. कारण पाण्याखाली जाऊन आल्यावर विमानात बसण्यापूर्वी साधारण १८ ते २४ तासांचे अंतर ठेवणे शरीराच्या दृष्टीने आवश्यक मानले जाते.

किनारा, रस्ता आणि राखीव क्षेत्र

स्वराज द्वीपच्या राधानगर किनाऱ्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. त्याच बेटावर २०१० मध्ये खाऱ्या पाण्यातील मगरीच्या हल्ल्यात एका अमेरिकी पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. अशा घटना विरळ असतात; पण खाड्या, कांदळवने आणि ओढ्यांची मुखे येथे मगरींचा अधिवास आहेत. पोहण्यास मनाई असल्याचा फलक त्यामुळे औपचारिकता म्हणून वाचू नये.

दिवसाच्या वेळेचाही विचार हवा. देशभर घड्याळ एकच असले, तरी डिसेंबरात येथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मुंबईत तो सहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळचा फेरफटका म्हणून भाड्याची दुचाकी घेऊन निघालेला पर्यटक अनोळखी, अरुंद रस्त्यावर अंधारात सापडतो. मोठा अपघात झाल्यास जखमीला उपचारासाठी पुन्हा समुद्र ओलांडून राजधानीत न्यावे लागते, हे लक्षात घेतले की हेल्मेटचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

बाराटांगकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगपासून ठरलेल्या वेळी वाहनांचा ताफा सोडला जातो. मध्ये थांबणे, छायाचित्रे काढणे, खाऊ देणे हे गुन्हे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच या रस्त्याचे काही भाग बंद करण्याचा आदेश दिला होता. २०१७ पासून बाराटांगला समुद्रमार्गाचा पर्याय उपलब्ध झाला. सुरक्षिततेचा विचार केवळ प्रवाशाचा नसतो. ज्या समाजाला बाहेरचा साधा संसर्गही घातक ठरू शकतो, त्याचाही असतो.

जबाबदारीची विभागणी

इशारा पोहोचवण्याची अडचण आता पूर्वीइतकी नाही. चेन्नईहून आलेली सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालील केबल १० ऑगस्ट २०२० रोजी कार्यान्वित झाली आणि स्वराज द्वीपही तिने जोडले गेले. हवामान विभागाचा अंदाज वेळेत मिळतो. तो मानण्याची तयारी वेळापत्रकात असायला हवी. त्यासाठी वादळात रद्द झालेल्या फेरीचे पैसे विनाविलंब परत मिळणे, परतीची विमानतिकिटे सवलतीने बदलता येणे आणि प्रत्येक बोटीवर तिची मंजूर प्रवासीसंख्या ठळकपणे लिहिलेली असणे, या तीन गोष्टी प्रशासनाला आणि कंपन्यांना करता येण्यासारख्या आहेत.

प्रवाशाच्या हाती असलेली गोष्ट याहून साधी आहे. मंजूर संख्या भरलेली दिसली, तर पुढच्या बोटीची वाट पाहायची. २०१४ च्या त्या प्रजासत्ताकदिनी ‘अ‍ॅक्वा मरीन’वर एवढे झाले असते, तर क्षमतेपेक्षा जास्त असलेले पंधरा-वीस जण धक्क्यावरच राहिले असते.