पाहुणचाराचा छोटा पेला

गेल्या महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी बाळाच्या बाप्तिस्म्याची मेजवानी होती. घरचे थोरले चिरंजीव जहाजावर नोकरीस. तेव्हा तबकात बोटभर उंचीचे काचेचे पेले मांडून आले. आत टोमॅटोचा लाल रस, काठावर अडकवलेले एकेक सुंगट. या पदार्थास ‘कॉकटेल शॉट’ म्हणतात, असे आम्हांस सांगण्यात आले. आम्हीही एक उचलला. चव उत्तम होती. मात्र पहिल्या घोटासरशी कळले की, रसात मद्य आहे.

त्याच वेळी आमची दृष्टी कोपऱ्यातील एका गृहस्थांकडे गेली. त्यांस दारू सोडून चार वर्षे झाली. ती त्यांनी कशी काढली, हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला, वास येताच खाली ठेवला आणि जेवणास न थांबता ते घरी गेले. त्यांच्या अनुमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. यजमानांच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु खाद्य म्हणून जे पुढे केले त्यात मद्य होते, आणि कोणी ते सांगितले नव्हते.

काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. तेव्हा मद्यमात्रास पाप म्हणणारे आम्ही नव्हे. पण ज्या खाण्यापिण्याने आपला भाऊ अडखळेल ते टाळावे, असा संत पौलाचा रोमकरांस उपदेश आहे.

“मग फादर, मद्याशिवाय हे व्हायचे कसे?” असे त्या घरच्या माउलीने विचारले. आम्ही आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या देखरेखीखाली ते करून पाहिले.

वीस पेल्यांसाठी मध्यम आकाराची वीस सुंगटे घ्यावीत. शेपूट ठेवून ती सोलावीत, पाठीवरील काळा दोरा काढावा आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात २-३ मिनिटे शिजवावीत. गुलाबी होऊन वळली की लगेच गार पाण्यात टाकावीत. अधिक शिजल्यास चिवट होतात. सहा पिकलेले टोमॅटो उकडून, साल काढून गाळून घ्यावेत. आठ आमसुले अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून त्यांचा कोळ त्यात मिसळावा. आले, एक हिरवी मिरची व लसणाची एक पाकळी वाटून घालावी; वर मीठ, चिमूटभर साखर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. रस चांगला गार करून पेले अर्धेअधिक भरावेत व आयत्या वेळी सुंगट लावावे.

येथे दोन इशारे देणे अवश्य आहे. कालवे कच्ची घालू नयेत. ती पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातील रोगजंतू त्यांच्या अंगी साठतात. लिंबाच्या रसाने अथवा फेणीने ते मरतीलच असे नाही. तसेच आपल्या उष्ण हवेत भरलेले पेले तासाभराहून अधिक बाहेर ठेवू नयेत. सुंगटे काहींच्या अंगावर उठतात. म्हणून पेल्यात काय आहे ते प्रत्येकास आधी सांगावे. लपवून दिलेला घास हा पाहुणचार नव्हे.

पुढच्या रविवारी त्या माउलीने हेच पेले त्या गृहस्थांच्या घरी स्वतः नेले. दोन्ही घरांनी एकत्र बसून ते रिकामे केले. पुनरुत्थित प्रभूनेही तिबिर्याच्या किनारी निखाऱ्यांवर मासळी भाजून, थकलेल्या शिष्यांस जवळ बोलावले होते. त्यात पेत्रही होता. त्यासही तेथे जागा होती. आपल्या मेजावरही कोणाची जागा रिकामी न राहो!