नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे



लहान तुकड्यांच्या विक्रीला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात अडकलेले गुंठे फुकटात नियमित होणार, अशा बातम्या आल्यापासून रिसोडच्या प्लॉट दलालांना नवे वाक्य सापडले आहे : ‘आत्ता नोटरी करून ठेवा, पुढे सरकार नियमित करतेच.’ या आठवड्यात तहसीलसमोरच्या टपरीवर हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने बोललेले ऐकले की, पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. ऐकणारा भर जहागीरकडचा शेतकरी मान डोलवत होता. सोयाबीनचे पैसे हातात होते.

सरकारने सूट दिली आहे ती 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातल्या व्यवहारांना. आज केलेली नोटरी त्या मुदतीत कशी बसणार? आणि जुनी नोटरी असली तरी ती दाखवली की सातबाऱ्यावर नाव चढले, असे होत नाही. मुद्रांक शुल्क भरून दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. तेव्हा विकणारा सापडावा लागतो आणि सहीला तयार असावा लागतो. दहा वर्षांपूर्वी विकलेल्या जागेचा भाव आज काय आहे हे पाहिले की तो किती तयार असेल, हे सांगायला नको.

मुळात नोटरी करतो काय? 1952 च्या नोटरी कायद्याने नेमलेला हा वकील असतो. साधारणपणे दहा वर्षे वकिली झालेल्यालाच ही नेमणूक मिळते. समोर आलेला माणूस कोण आहे याची खात्री करायची, त्याची सही आपल्यासमोर घ्यायची किंवा त्याला शपथ द्यायची, आपल्या नोंदवहीत नोंद करायची, शिक्का मारायचा. कागदातला मजकूर खरा आहे, जमीन विकणाऱ्याच्याच नावावर आहे, तिच्यावर बँकेचा बोजा नाही, यातले काहीही तो शिक्का सांगत नाही. पण लाल गोल शिक्का दिसला की आपल्याकडे माणूस निश्चिंत होतो.

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर दस्त नोंदवलाच पाहिजे, हा नियम 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. आज नुसता बाँडच (मुद्रांक कागद) पाचशेचा झाला आहे. म्हणजे ज्या कागदावर आपण प्लॉट ‘घेतो’, त्याचीच किंमत कायद्याने घातलेल्या मर्यादेच्या पाचपट! तरीही लाखोंचा व्यवहार नोटरीवर उरकला जातो. मुखत्यारपत्र आणि करारनाम्याच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. त्यालाही आता कितीतरी वर्षे झाली.

अशा व्यवहारात सातबारा विकणाऱ्याच्याच नावावर राहतो. त्यावर तो पीककर्ज काढू शकतो, तोच प्लॉट दुसऱ्याला रीतसर रजिस्ट्री करून देऊ शकतो आणि तो वारला की वारसांची नावे फेरफाराने चढतात. त्या वारसांना तुमच्या नोटरीशी काय देणेघेणे? मग घर बांधून बसलेला माणूस दिवाणी दावा लावतो आणि त्याची मुले तारखा करतात. दलाल तोवर पुढच्या लेआउटवर असतो.

सगळे नोटरी वकील वाईट, असे मी म्हणत नाही. समोर माणूस नसेल तर कागद परत करणारे आहेत आणि त्यांच्याकडे गर्दी कमी असते, हेही खरे. पण सही करणारा गावात, कागद दलालाच्या पिशवीत आणि शिक्का तयार, हे जिथे चालते तिथे नोंदवही कशाला ठेवायची? फीचा तक्ता कार्यालयात लावणे आणि घेतलेल्या पैशाची पावती देणे नोटरी नियमांत लिहिले आहे. पावती मागून पाहा, काय उत्तर मिळते ते.

दुसरीकडे जिथे नोटरीची गरजच नाही, तिथे मात्र ती हमखास मागतात. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने कायद्याने बंधनकारक नसेल तिथे शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरेसे केले. पाचशेचा बाँड झाल्यावर जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यांसाठी तो लागणार नाही, असे महसूलमंत्र्यांनी 2025 मध्ये पुन्हा जाहीर केले. तरी खिडकीवरून ‘बाँडवर करून आणा’ ऐकू येतेच. विद्यार्थ्याला उगाच खर्चात पाडायचे आणि प्लॉटवाल्याला खऱ्या खर्चातून पळवाट दाखवायची, असा हा उलटा कारभार आहे.

जिल्हाधिकारी, वाशीम यांना विनंती आहे की, रिसोडच्या तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालयाच्या दारात मोठ्या अक्षरांत मराठी फलक लावावा : नोटरीने जमिनीची मालकी मिळत नाही. रिठद, केनवड, मोपच्या ग्रामसभेतही तो वाचून दाखवावा. आणि प्लॉट घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी ताजा सातबारा स्वतः काढावा, विकणाऱ्याला एकच विचारावे, ‘रजिस्ट्री कधी करून देता?’ तो ‘नंतर बघू’ म्हणाला तर पैसे खिशातच ठेवावेत.

— एक वाचक, रिसोड (जि. वाशीम)